ह्यूस्टनमध्ये घर घेताना: झोन एक्स, बुडीत क्षेत्र, विमा आणि वादळाची तयारी

मृग
ह्यूस्टनला स्थायिक होऊ पाहणाऱ्यांसाठी धागा काढतोय. शाळा कशी आहे, ऑफिस किती लांब आहे, मीनाक्षी मंदिर कुठे आहे हे एका दिवसात समजतं. पाणी कुठून येतं ते समजत नाही.

सध्या तीन पर्याय समोर आहेत. एक घर केटीमध्ये, बार्कर जलाशयाच्या पश्चिमेला. दुसरं शुगरलँडमध्ये, ब्राझोस नदीच्या बांधाआड. तिसरं पेअरलँडला. तिन्ही फेमाच्या, म्हणजे केंद्रीय आपत्ती संस्थेच्या, पूरनकाशावर झोन एक्समध्ये, म्हणजे मोठ्या पूरधोक्याच्या रेषेबाहेर, येतात. एजंट म्हणतो, झोन एक्स आहे, पुराचा विमा लागत नाही. पहिलं वर्ष भाड्याने राहावं का, तेही ठरायचंय. नकाशापलीकडे काय बघायचं, कुठली कागदपत्रं मागायची, हे जाणकारांनी सविस्तर लिहावं. सगळ्यांनाच उपयोग होईल.

कातळ
आधी एजंटच्या वाक्याबद्दल. "लागत नाही" याचा अर्थ एवढाच की कर्ज देणाऱ्या बँकेची सक्ती नाही. पाणी येणार नाही असा त्याचा अर्थ नाही.

हार्वी वादळाच्या वेळी, ऑगस्ट २०१७ मध्ये, एकट्या हॅरिस काउंटीत, म्हणजे ह्यूस्टनच्या मुख्य जिल्ह्यात, दीड लाखाहून जास्त घरांत पाणी शिरलं. त्यातली दोन तृतीयांशांहून जास्त घरं "१०० वर्षांच्या" पूररेषेच्या बाहेर होती. आणि पाणी शिरलेल्या घरांपैकी सुमारे ६४ टक्के घरांना पुराचा विमा नव्हता.

शंभर वर्षांचा पूर म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर, असा समज सर्रास आहे. खरा अर्थ, दर वर्षी १ टक्का शक्यता. तीस वर्षांच्या कर्जाच्या मुदतीत ती जवळपास २६ टक्के होते.

दुसरं, फेमाचा नकाशा मुख्यतः नदी, बायू किंवा समुद्र पात्राबाहेर आला तर पाणी कुठवर जाईल ते दाखवतो. बायू म्हणजे इथले संथ नाले. पण पाऊस इतका पडला की गटारं तुंबून गल्लीतच पाणी साचलं, तर ते त्या नकाशात दिसत नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला तेव्हा मिठीपासून लांबच्या सोसायट्यांमध्येही तळमजले बुडाले होते. ह्यूस्टनचा मुख्य धोका त्याच जातीचा आहे: सपाट जमीन, चिकणमाती, उताराला वाव नाही. हार्वी किनाऱ्यावर आदळलं रॉकपोर्टला, ह्यूस्टनपासून बरंच दूर. ह्यूस्टनला बुडवलं ते पुढचे चार दिवस न थांबलेल्या पावसाने.

शिवाय नकाशामागचे पावसाचे आकडे जुने. २०१८ मध्ये ॲटलास १४ नावाचा सरकारी अभ्यास आला आणि ह्यूस्टनसाठी "१०० वर्षांचा" २४ तासांचा पाऊस साधारण १३ इंचांवरून १८ इंचांच्या आसपास गेला. त्यामुळे नकाशावर किती सालचा शिक्का आहे ते बघा. जुना असेल तर फिकट छटेचा झोन एक्स, म्हणजे ५०० वर्षांची रेषा, हीच खरी १०० वर्षांची रेषा धरून चाला.

खारफुटी
तिन्ही घरांना झोन एक्स हे एकच अक्षर लागलंय, पण त्यांचे धोके अगदी वेगळे आहेत.

केटी. बार्कर आणि ॲडिक्स ही १९४० च्या दशकात लष्कराच्या अभियंता विभागाने बांधलेली कोरडी धरणं. एरवी आत गवत, सायकलचे रस्ते, हरणं. जोरदार पाऊस झाला की पाणी अडवायचं आणि नंतर बफेलो बायूत सावकाश सोडायचं. आपल्याकडे धरण बांधताना पूर्ण बुडीत क्षेत्र सरकार संपादित करतं. इथे तसं झालं नाही. बार्करमध्ये सरकारी मालकीची जमीन साधारण ९५ फूट उंचीच्या रेषेपर्यंत आहे, आणि हार्वीत पाणी १०१.६ फुटांपर्यंत चढलं. ॲडिक्समध्ये सरकारी जमीन साधारण १०३ फुटांपर्यंत, पाणी १०९.१ पर्यंत. मधल्या पट्ट्यात वसाहती आहेत. ही घरं बायूच्या पूररेषेत नसल्यामुळे नकाशात झोन एक्स. तिथे लोंढा येत नाही, धरणाच्या फुगवट्यासारखं पाणी हळूहळू चढतं आणि काही दिवस हलत नाही.

म्हणून केटीच्या घराबाबत पहिला प्रश्न: घराच्या तळमजल्याची, म्हणजे स्लॅबची, उंची किती? फोर्ट बेंड काउंटीतल्या काही वसाहतींच्या मूळ प्लॅटवर, म्हणजे मंजूर आराखड्यावर, जलाशयामुळे जमीन पाण्याखाली जाऊ शकते अशी बारीक अक्षरातली टीप आहे. काउंटी क्लार्ककडून प्लॅटची प्रत काढा आणि टिपा शेवटपर्यंत वाचा. स्लॅब ९७ फुटांवर असेल तर किंमत कितीही बरी असली तरी घेऊ नये, असं माझं ठाम मत. १०४-१०५ असेल तर विचार करता येईल. स्लॅबची उंची आणि जलाशयाची पातळी हे दोन्ही आकडे एकाच संदर्भपातळीतले असल्याची खात्री मात्र करा. जुन्या आणि नव्या मोजणीत फरक असतो.

शुगरलँड. तिथला झोन एक्स बांधाच्या भरवशावर आहे. बांध नसता तर मोठा भाग पूरक्षेत्रात गेला असता. ब्राझोस चढली की बांधातली दारं बंद करतात, नाहीतर नदीच उलटी आत येईल. दारं बंद असताना आत पडलेला पाऊस पंपाने उपसून नदीत टाकावा लागतो. त्या दिवसांत तुमचं नशीब पंपांच्या हातात. तुमचा लेव्ही डिस्ट्रिक्ट, म्हणजे बांध आणि पंप सांभाळणारी स्थानिक संस्था, कोणता ते मालमत्ता कराच्या बिलावर असतं. त्यांच्या बैठका खुल्या असतात. पंप किती, एक बंद पडला तर भागतं का, हार्वीनंतर क्षमता वाढवली का, हे विचारा. चांगले डिस्ट्रिक्ट ही माहिती स्वतःहून मांडतात.

पेअरलँड. पावसासाठी क्लिअर क्रीक आणि तिला मिळणारे नाले बघा. पण तिथे वाऱ्याच्या विम्याचा वेगळा गुंता आहे, त्यावर कुणीतरी लिहावं.

ओवी
विम्याचं मी लिहिते.

घराचा नेहमीचा विमा पुराचं नुकसान देत नाही. छप्पर उडालं आणि वरून पाऊस आत आला तर तो वाऱ्याचा दावा. जमिनीवरून पाणी आत आलं तर तो पुराचा. दोन वेगळ्या पॉलिसी, आणि नुकसान पाहायला येणारे तपासनीसही बहुधा वेगळे.

सरकारी पूरविमा, एनएफआयपी: राहत्या घराच्या इमारतीला कमाल २,५०,००० डॉलर, सामानाला कमाल १,००,०००. सामानाचा भाग वेगळा मागावा लागतो, आपोआप येत नाही. इथे लोक हमखास फसतात. सामानाची भरपाई घसारा वजा करून मिळते, त्यामुळे दहा वर्षांच्या सोफ्याचे नव्या सोफ्याएवढे पैसे येत नाहीत. घर दुरुस्त होईपर्यंतचं हॉटेल किंवा भाडं एनएफआयपी देत नाही. त्यासाठी स्वतःची गंगाजळी हवी किंवा खासगी पूरविमा बघावा.

पॉलिसी घेतल्यावर ३० दिवसांनी लागू होते. घरखरेदीच्या कर्जाबरोबरच घेतली तर ही वाट बघावी लागत नाही. हार्वी २३ ऑगस्टला मेक्सिकोच्या आखातात पुन्हा जोर धरू लागलं आणि २५ च्या रात्री चौथ्या श्रेणीचं होऊन किनाऱ्यावर आलं. वादळ दिसल्यावर विमा घेणं म्हणूनच शक्य नाही. घराच्या नेहमीच्या विम्याचंही तेच. वादळ आखातात आलं की बहुतेक कंपन्या नवीन पॉलिसी देणं किंवा वजावट (नुकसानीतला आधी तुम्ही सोसायचा भाग) बदलणं थांबवतात. क्लोजिंग, म्हणजे खरेदीचा अंतिम व्यवहार, ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये असेल तर पॉलिसी आधीच पक्की करून ठेवा.

ऑक्टोबर २०२१ पासून हप्ता झोनच्या अक्षरावर ठरत नाही. पाण्यापासूनचं अंतर, उंची, घर बांधायचा खर्च यावर ठरतो. झोनवर ठरते ती फक्त बँकेची सक्ती. घर विकणाऱ्याकडे एनएफआयपी पॉलिसी असेल तर ती तुमच्या नावावर करून घेता येते. तिचा हप्ता अजून जुन्या दरावरून टप्प्याटप्प्याने चढत असेल (राहत्या घराला वर्षाला कमाल १८ टक्के), तर ती सवलत पुढे चालते. म्हणून विकणाऱ्याच्या पूरविम्याचं पहिलं पान मागाच.

आता वारा. ब्राझोरिया काउंटी, म्हणजे पेअरलँडचा बहुतेक भाग, किनारी यादीत आहे. तिथे काही कंपन्या घराच्या विम्यातून वारा आणि गारा वगळतात. मग ट्विया, म्हणजे टेक्सास विंडस्टॉर्म इन्शुरन्स असोसिएशनची वेगळी पॉलिसी घ्यावी लागते. ट्वियासाठी बांधकाम वाऱ्याच्या निकषात बसतं असा डब्ल्यूपीआय-८ दाखला लागतो. छप्पर नंतर बदललेलं असेल तर त्या छपराचाही दाखला मागा. दाखल्याशिवाय बदललेलं छप्पर म्हणजे पुढे विम्याची अडचण.

वाऱ्याची वजावट टक्क्यात असते आणि ती घराच्या विमा रकमेवर मोजतात, नुकसानीवर नाही. ४,००,००० चा विमा आणि २ टक्के वजावट म्हणजे पहिले ८,००० डॉलर तुमचे. छपराचं नुकसान ७,००० चं झालं तर हाती शून्य.

मृग
ओवीताई, खारफुटी, मनापासून आभार. बुडीत क्षेत्राचं उदाहरण दिल्यावर केटीचं चित्र एकदम स्पष्ट झालं. आधी पूर आला होता का, हे विकणारा सांगेल का?

पन्हाळा
कायद्याने सांगावंच लागतं. १ सप्टेंबर २०१९ पासून टेक्सासच्या विक्रेत्याच्या प्रकटन फॉर्ममध्ये स्वतंत्र प्रश्न आहेत: घरात आधी पाणी आलं का, पूरविम्याचा दावा केला का, फेमाची मदत घेतली का, घर जलाशयात किंवा त्याच्या बुडीत क्षेत्रात आहे का. बिल्डरकडून घेतलेल्या, कुणी न राहिलेल्या नव्या घराला मात्र हा फॉर्म लागू नाही. तिथे सगळा शोध तुम्हालाच घ्यावा लागेल.

विकणाऱ्याला फेमाकडून स्वतःच्या मालमत्तेच्या पूरदाव्यांचा इतिहास मागता येतो. खरेदीदाराला थेट मिळत नाही, म्हणून त्याच्याकरवी मागवा. पूरक्षेत्रातल्या घरावर पूर्वी फेमाची मदत घेतलेली असेल तर पुढच्या मालकालाही पूरविमा चालू ठेवण्याची अट लागू राहते. तो बंद केला तर पुढच्या पुरात ती मदत मिळत नाही.

भाडेकरूंसाठी: १ जानेवारी २०२२ पासून घरमालकाने लेखी द्यायचं असतं की घर १०० वर्षांच्या पूरक्षेत्रात असल्याचं त्याला माहीत आहे का, आणि गेल्या ५ वर्षांत पुराचं नुकसान झालं का. ती नोटीस मागून घ्या, करारासोबत जपून ठेवा. भाडेकरूला फक्त सामानाचा पूरविमा घेता येतो. तळमजल्यावर राहणार असाल तर घ्याच.

आणि कागद काहीही म्हणोत, घर स्वतःच्या डोळ्यांनी बघा. हे असं:

गॅरेजमध्ये जा. वॉटर हीटर जमिनीवर असेल तर त्याचे पाय आणि खालचा पत्रा बघा. सरळ आडव्या रेषेत गंज असेल तर ती पाण्याची पातळी. मग आतल्या दारांच्या बिजागऱ्या. खालच्या बिजागरीचे स्क्रू गंजलेले आणि वरच्या दोन्हींचे चकचकीत, तर त्या खोलीत पाणी उभं होतं. गॅरेजच्या भिंतीवर बरोबर ४ फुटांवर आडवा सांधा जाणवतो का, हात फिरवून बघा. ड्रायवॉलची, म्हणजे भिंतीच्या जिप्सम बोर्डाची, पाटी ४ फूट रुंद असते आणि आडवी लावतात. पुरानंतर खालची एक पाटी काढून नवी बसवतात. सांधा मूळचाही असू शकतो, पण खालच्या भागाचा पोत वरच्यापेक्षा वेगळा असेल तर विचारा.

बाहेर विटांच्या भिंतीत अगदी तळाशी, दोन विटांच्या मध्ये, उभ्या बारीक फटी दिसतील. त्या भिंतीतली ओल बाहेर जायला ठेवलेल्या असतात. पाणी आत शिरतं तेही पहिल्यांदा तिथूनच. बागेची माती किंवा लाकडाचा भुसा त्या फटींच्या वर चढवलेला असेल तर आधी तो उपसायचा. स्लॅबच्या कडेचं काँक्रीट मातीच्या वर चार-सहा इंच दिसायला हवं.

मग रस्त्यावर उभे राहा. ह्यूस्टनचे रस्ते मुद्दाम खोलगट ठेवतात, मोठ्या पावसात जादा पाणी त्यांवर साठावं म्हणून. त्यामुळे रस्त्यावर पाणी दिसलं की घाबरायचं कारण नाही. बघायचं हे की कर्बपेक्षा, म्हणजे रस्त्याच्या उंच कडेपेक्षा, तुमचा स्लॅब किती वर आहे आणि रस्ता भरल्यावर पाणी पुढे कुठून वाहून जाणार. गल्लीतलं सगळ्यात खालचं, वळणाच्या टोकाचं घर टाळा. ह्यूस्टन शहराने सप्टेंबर २०१८ पासून पूरक्षेत्रातल्या नव्या घरांच्या तळमजल्याची फरशी ५०० वर्षांच्या पूरपातळीच्या २ फूट वर असण्याची अट घातली आहे. शेजारचं नवं घर अचानक उंचावर दिसतं ते त्यामुळे. मग त्या घराचं पाणी तुमच्या अंगणात उतरत नाही ना, हेही बघा.

दवबिंदू
+१. बिजागरीची खूण फार कामाची. हॅरिस काउंटीच्या फ्लड वॉर्निंग सिस्टिमच्या संकेतस्थळावर प्रत्येक बायूवरचे पर्जन्यमापक आणि पातळी थेट दिसते. घराजवळचं मापक कोणतं आणि बायू कितीवर काठाबाहेर येतो, हे आधीच लिहून ठेवा.

शिडाची_होडी
एवढं सगळं बघण्यापेक्षा वादळाची बातमी आली की दोन दिवस आधी डॅलसला निघून जावं, हे सोपं नाही का?

खारफुटी
असं सरसकट करू नका. सप्टेंबर २००५ मध्ये रीटा वादळाच्या वेळी तेच झालं. ज्यांना निघायची गरज नव्हती तेही निघाले, महामार्ग तासन् तास तुंबले, उष्म्यात गाड्या आणि माणसं अडकली. टेक्सासमध्ये त्या स्थलांतरात शंभराच्या आसपास माणसं दगावली. वादळाने थेट घेतलेल्या बळींपेक्षा कितीतरी जास्त.

तेव्हापासून नियम हा: पाण्यापासून पळा, वाऱ्यापासून लपा. समुद्राची लाट जिथवर येऊ शकते त्या भागाचे पिनकोडनुसार टप्पे केले आहेत: कोस्टल, ए, बी, सी. गॅल्व्हेस्टन, क्लिअर लेकच्या बाजूला राहत असाल तर तुमचा टप्पा पाठ असायला हवा आणि आदेश आला की निघायलाच हवं. केटी, शुगरलँड या टप्प्यांत नाहीत. तिथून तुम्ही निघालात तर किनाऱ्यावरून येणाऱ्यांचा रस्ता अडतो.

श्रेणीवर विसंबू नका. श्रेणी फक्त वाऱ्याचा वेग सांगते. सप्टेंबर २००८ मधलं आइक दुसऱ्या श्रेणीचं होतं, पण बोलिव्हर द्वीपकल्पावर समुद्र १५ ते २० फूट चढला आणि वस्त्याच्या वस्त्या धुऊन गेल्या. वादळाच्या अंदाजाच्या नकाशावरचा शंकूही तसाच. त्यात वादळाचा मध्य कुठे जाऊ शकेल तेवढंच असतं. पाऊस आणि वारा शंकूच्या पुष्कळ बाहेर पोचतात.

कातळ
शिडाची होडी, वैद्यकीय गरज असेल, ऑक्सिजन यंत्र किंवा डायलिसिस असेल, तर मात्र आदेशाची वाट न बघता वेळेवर निघणं योग्य. खारफुटींचं म्हणणं बाकीच्यांसाठी.

पन्हाळा
आता विजेबद्दल, कारण पाणी शिरलं नाही तरी वीज जाणार हे धरूनच चालायचं. जुलै २०२४ मध्ये बेरिल वादळ फक्त पहिल्या श्रेणीचं होतं. तरी ह्यूस्टन परिसरात २० लाखांहून जास्त ग्राहकांची वीज गेली, काहींची आठवडाभराहून जास्त, आणि तीही जुलैच्या उन्हाळ्यात.

पोर्टेबल जनरेटर ५,००० ते ७,५०० वॉटचा पुरतो, पण सेंट्रल एसी त्यावर चालवायचा हट्ट नको. खिडकीत बसणारा ८,००० बीटीयूचा एसी सुमारे ७०० वॉट घेतो. एक खोली गार, फ्रीज, वायफाय, चार दिवे, एवढं आरामात. अर्ध्या लोडवर ताशी अर्धा ते पाऊण गॅलन पेट्रोल लागतं. दिवसाला ८ तास चालवला तर ४ ते ६ गॅलन. आठवडाभराचं पेट्रोल घरात साठवणं धोक्याचं, म्हणून प्रोपेनवरही चालणारा घ्या.

घराच्या वायरिंगला जोडायचा असेल तर परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून इनलेट बॉक्स (जनरेटरची वायर जोडायची बाहेरची पेटी) आणि इंटरलॉक बसवून घ्या. इंटरलॉक म्हणजे मेन ब्रेकर बंद केल्याशिवाय जनरेटरचा ब्रेकर चालू होऊ न देणारी पत्र्याची पट्टी. दोन्हीकडे पिन असलेली वायर भिंतीतल्या सॉकेटमध्ये खुपसली तर वीज उलटी खांबावर जाते आणि तिथे काम करणारा लाइनमन जिवाला मुकतो.

जनरेटर घरापासून २० फुटांवर, धूर दार-खिडक्यांच्या उलट दिशेला. गॅरेजमध्ये दार उघडं ठेवूनही नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि वादळानंतरचे बरेच मृत्यू त्याने होतात. बॅटरीवर चालणारा अलार्म झोपायच्या खोल्यांजवळ लावा. कोळशाची शेगडी किंवा बाहेरचा प्रोपेनचा बर्नर घरात पेटवायचा नाही, कुकरच्या दोन शिट्ट्यांसाठीसुद्धा नाही.

वाऱ्यापुढे घराचा सगळ्यात कच्चा भाग म्हणजे गॅरेजचं दार. ते आत दबलं की वारा आत शिरतो आणि छप्पर खालून उचलतो. दार वाऱ्याच्या मानांकनाचं आहे का बघा. खिडक्यांवर टेप लावून काहीही होत नाही. ५/८ इंची प्लायवूड आधीच मापाने कापून, प्रत्येक तुकड्यावर खिडकीचं नाव लिहून ठेवा. वादळाच्या आदल्या दिवशी दुकानात प्लायवूड मिळत नाही.

दवबिंदू
भारतातून आई-वडील सहा महिन्यांसाठी येतात ते बहुतेक नेमके वादळांच्या मोसमात, १ जून ते ३० नोव्हेंबरमध्ये. त्यांची औषधं किमान दोन आठवड्यांची जास्त आणायला सांगा. इन्शुलिन असेल तर थंड पिशवी हवी. बर्फाला थेट चिकटू द्यायचं नाही, गोठलेलं इन्शुलिन निकामी होतं. पासपोर्ट आणि प्रवासी विम्याचे कागद झिपच्या पिशवीत. पिण्याचं पाणी माणशी रोज एक गॅलन, आणि संडासासाठी बाथटब भरून ठेवायचा. फ्रीज न उघडता ४ तास टिकतो, गच्च भरलेला फ्रीजर ४८ तास.

मृग
आणि एवढं करूनही घरात पाणी शिरलंच तर पहिले दोन दिवस काय करायचं?

ओवी
मेन स्विच कोरड्यात उभं राहून हाताला येत असेल तरच बंद करा. पाण्यातून चालत जाऊन नाही. पाणी ओसरल्यावर काहीही हलवायच्या आधी फोटो: प्रत्येक भिंत, पाण्याची रेषा टेप लावून मोजताना, फ्रीज-वॉशरच्या मॉडेल आणि सीरियल नंबरच्या पट्ट्या. गालिचा टाकून देण्याआधी त्याचा एक तुकडा कापून ठेवा, दर्जा सिद्ध करायला लागतो. मग विमा कंपनीला फोन. तपासनीस येईपर्यंत ओलं सामान घरात साठवून ठेवायची गरज नाही. फोटो काढून बाहेर काढा. २४ ते ४८ तासांत बुरशी धरते, आणि ती वाढू न देणं ही पॉलिसीप्रमाणे तुमचीच जबाबदारी.

ड्रायवॉल ओल वर शोषतो, म्हणून पाण्याची रेषा दोन फुटांवर असली तरी चार फुटांपर्यंत कापतात. मागचं इन्सुलेशन काढून टाकायचं. भिंत पुन्हा बंद करण्याची घाई नको. आतल्या लाकडाची ओल मीटरवर १५ टक्क्यांखाली आल्याशिवाय नवी पाटी बसवू देऊ नका, कंत्राटदार कितीही घाई करो. नुकसानीचं सहीनिशी निवेदन, प्रूफ ऑफ लॉस, ६० दिवसांत द्यायचं असतं. मोठ्या आपत्तीत मुदत वाढवतात, पण तशी लेखी घोषणा झाली असेल तरच ती धरायची.

घर पूरक्षेत्रात असेल आणि दुरुस्तीचा खर्च इमारतीच्या बाजारभावाच्या निम्म्यावर गेला तर घर आजच्या नियमांच्या उंचीवर आणावं लागतं. अशा वेळी एनएफआयपीमधून उंची वाढवायला ३०,००० डॉलरपर्यंत वेगळे मिळू शकतात. त्यासाठी शहराचं "भरीव नुकसान" ठरवणारं पत्र लागतं, ते मागून घ्या.

कातळ
गाडीचं राहिलं. पुरात गेलेल्या गाडीचे पैसे फक्त कॉम्प्रिहेन्सिव्ह विमा असेल तरच मिळतात. इशारा आला की गाडी जवळच्या बहुमजली पार्किंगमध्ये दुसऱ्या किंवा त्यावरच्या मजल्यावर लावून या. आणि पाण्याखाली गेलेल्या रस्त्यावर गाडी घालू नका. फूटभर वाहतं पाणी छोटी गाडी ढकलतं, दोन फूट पाणी बहुतेक सगळ्या गाड्या वाहून नेतं. अंडरपासमध्ये तर खोलीचा अंदाजच येत नाही.

मृग
केटीच्या घराचा प्लॅट आज काउंटी क्लार्ककडे मागितला, आणि एजंटला तिन्ही घरांची एलिव्हेशन सर्टिफिकेट, म्हणजे घराच्या उंचीचे दाखले, आणि आधीच्या पूरविम्याची पहिली पानं मागितली आहेत. शुगरलँडच्या लेव्ही डिस्ट्रिक्टची पुढची बैठक कधी आहे ते बघून तिथे पंपांबद्दल विचारतो. स्लॅबचे आकडे आले की इथेच टाकतो.

खारफुटी
टाका नक्की. सर्टिफिकेटवर "टॉप ऑफ बॉटम फ्लोअर" अशी ओळ असते, तो तुमच्या कामाचा आकडा. त्याच्याखाली लगतच्या जमिनीची सगळ्यात कमी उंची असते, ती गाडी आणि गॅरेजसाठी बघा.